‘ॲटॉमिक’ व्यवहाराला ‘आण्विक’ म्हणावे काय?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली व्यवहारांची सामायिक नोंदवही; तिचे भाग पाडून प्रत्येक भाग संगणकांच्या वेगळ्या गटाकडे सोपवणे म्हणजे शार्डिंग, आणि असा एकेक भाग म्हणजे शार्ड. अशा ब्लॉकचेनवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे की, निरनिराळ्या शार्डांना स्पर्श करणारा व्यवहार ‘ॲटॉमिक’ असला पाहिजे, म्हणजे तो सगळीकडे पूर्ण तरी व्हावा किंवा कोठेच होऊ नये, ही सुरक्षिततेची अट सांगताना ‘आण्विक’, ‘अविभाज्य’ आणि ‘अखंड’ यांपैकी कोणते विशेषण वापरावे.

‘आण्विक’ सरळ बाद करावा. मूळ ग्रीक शब्दात ‘ज्याचे तुकडे होत नाहीत ते’ असा अर्थ असला, तरी मराठीत ‘आण्विक’ म्हटले की वाचकाच्या मनात तारापूरचा वीजप्रकल्प नाहीतर पोखरणची चाचणी येते. (हिंदीवरून भाषांतर करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, आपल्या अणूला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात आणि तिकडचा ‘अणु’ म्हणजे आपला रेणू.)

उरलेल्या दोन शब्दांचा निर्णय मात्र व्यवहार प्रत्यक्षात कसा होतो हे पाहिल्याशिवाय करता येणार नाही. 2018 मध्ये मांडल्या गेलेल्या ऑम्निलेजर या शार्डिंगच्या रचनेत, ज्या शार्डांमधून रक्कम निघायची आहे ते प्रत्येक शार्ड आपापल्याकडील रक्कम तपासून ती गोठवते आणि स्वीकाराचा पुरावा देते, किंवा व्यवहार फेटाळल्याचा पुरावा देते. सर्व पुरावे स्वीकाराचे असतील, तर ते दाखवून ग्राहक (म्हणजे व्यवहार करणाऱ्याचा संगणक) रक्कम घेणाऱ्या शार्डाकडून व्यवहार पूर्ण करून घेतो. एकाही शार्डाने नकार दिला असेल, तर तोच नकार इतरांना दाखवून गोठवलेली रक्कम मोकळी करून घेतो. म्हणजे व्यवहाराचे तुकडे होतात, ते वेगवेगळ्या वेळी पार पडतात आणि मधल्या काळात रक्कम अडकूनही राहते. ‘अखंड’ या शब्दात, अखंड हरिनाम सप्ताहात असतो तसा, कालाचा खंड न पडण्याचा भाव मुख्य आहे आणि तीच हमी येथे कोणी देत नाही. ‘अविभाज्य’ त्यापेक्षा बरा. पण ‘अविभाज्य घटक’ या वापरामुळे तो व्यवहार दुसऱ्या कशाचा तरी भाग असल्याचा भास होतो, आणि ज्या व्यवहाराचे भाग आपण नुकतेच मोजून दाखवले त्यालाच पुढल्या वाक्यात अविभाज्य म्हणणे विचित्र दिसते.

विभागता येत नाही तो निर्णय. हल्लाही नेमका त्यावरच होतो, हे 2020 मध्ये संशोधक अल्बर्टो सोन्निनो आणि सहकाऱ्यांनी चेनस्पेस व ऑम्निलेजर या शार्डिंगच्या दोन रचनांविषयी दाखवले. हल्लेखोराला एकही शार्ड ताब्यात घ्यावे लागत नाही. शार्डांनी पूर्वी दिलेले स्वीकाराचे किंवा नकाराचे अस्सल संदेश जपून ठेवून ते अयोग्य वेळी पुन्हा पुढे केले, की एक शार्ड व्यवहार झाला असे धरते आणि दुसरे तोच रद्द झाला असे धरते. मग एकीकडे पैसे खर्च न होताच दुसरीकडे नवे पैसे उभे राहू शकतात, किंवा खर्च झालेले पैसे कोठेच पोहोचत नाहीत. प्रत्येक व्यवहाराच्या संदेशांना क्रमांक बांधून देणे हा त्यांनी सुचवलेल्या उपायाचा एक भाग आहे, कारण मग जुना संदेश नव्या व्यवहारात चालवता येत नाही.

यावरून मला ‘एकनिर्णयी व्यवहार’ हा शब्द सुचवावासा वाटतो. नाम हवे असल्यास ‘एकनिर्णयता’. शब्द नवा असल्याने पहिल्या उल्लेखात ‘सर्व शार्डांमध्ये पूर्ण होणारा किंवा सर्वांमध्ये रद्द होणारा’ असे स्पष्टीकरण द्यावे आणि लेख तंत्रज्ञांसाठी असेल तर ‘ॲटॉमिक’ हाच शब्द ठेवावा, त्यात कमीपणा नाही. शार्डाने ‘फेटाळणे’ आणि व्यवहार ‘रद्द होणे’ ही क्रियापदेही अदलाबदल करून वापरू नयेत, कारण पहिले एका शार्डाचे मत आहे आणि दुसरा संपूर्ण व्यवहाराचा निकाल.