व्हिडिओ गेम खेळून माणसाला रडू का येते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आपला मुलगा परवा रात्री एक व्हिडिओ गेम संपवून बराच वेळ तसाच बसून राहिला, त्याचे डोळे भरून आलेले आपल्याला दिसले आणि विचारल्यावर 'काही नाही, गेम संपला' एवढेच बोलून तो झोपायला गेला. तर पडद्यावरच्या खोट्या माणसांसाठी एवढ्या मोठ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी यावे असे त्या गेममध्ये असते तरी काय, आणि यात काळजी करण्यासारखे काही आहे का. तो गेम कोणता होता हे आपण लिहिलेले नाही. मी गेली अठरा-वीस वर्षे गेम खेळत आलो आहे आणि एका रात्री मीही असाच बसून राहिलो होतो, म्हणून त्या अनुभवावरून उत्तर देतो. त्यासाठी काही गेमच्या कथांचा शेवट उघड करावा लागणार आहे. ज्यांना ते स्वतः खेळायचे असतील त्यांनी हे उत्तर नंतर वाचावे.

मला ज्या गेमने बसवून ठेवले त्याचे नाव 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. स्वीडनमधील स्टारब्रीझ या कंपनीने तो २०१३ साली आणला. त्याचा दिग्दर्शक योसेफ फारेस हा मूळचा चित्रपटांचा दिग्दर्शक. त्याचा जन्म लेबनॉनमधला आणि यादवी युद्धाच्या काळात, लहानपणीच, तो कुटुंबासह स्वीडनला आलेला. गेम जेमतेम तीन-चार तासांचा आहे. वडील मरणाच्या दारात आहेत, त्यांना वाचवणारे पाणी दूरच्या एका वृक्षापाशी मिळते आणि ते आणायला दोन भाऊ निघतात, एवढीच कथा. पात्रे जी भाषा बोलतात ती जगात कुठेच बोलली जात नाही, त्यामुळे एक शब्दही कळत नाही. या मुलांची आई पूर्वी बुडून गेलेली आहे आणि ते धाकट्याने डोळ्यांदेखत पाहिलेले आहे. तेव्हापासून तो पाण्यात पाय घालत नाही.

आता या गेमची खरी करामत सांगतो. कंट्रोलरची, म्हणजे गेम चालवायला दोन्ही हातांत धरायच्या यंत्राची, डावी जॉयस्टिक (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) आणि डावे बटण मोठ्या भावाचे, उजवी जॉयस्टिक आणि उजवे बटण धाकट्याचे. दोघांना एकाच वेळी चालवायचे. पेटी शिकायला नव्याने बसलेल्या माणसाचा भात्यावरचा हात आणि सुरांवरचा हात जसे एकमेकांत गुंततात, तशी सुरुवातीला माझी गत झाली. एक भाऊ भिंतीला धडकत होता, दुसरा माघारी फिरत होता. अर्ध्या-पाऊण तासाने हात बसला. नदी आली की धाकटा मोठ्याच्या पाठीला बिलगतो. उजव्या बोटाने त्याची पकड धरून ठेवायची आणि डाव्या हाताने मोठ्याला पोहायला लावायचे, हे पुढे पुढे विचार न करता होऊ लागले.

शेवटाकडे मोठा भाऊ मरतो. त्याला मूठमाती देण्याचा प्रसंग गेम आपल्याला नुसता दाखवत नाही. धाकट्याने भावाचा देह खड्ड्यापर्यंत ओढत न्यायचा आणि बाजूला पडलेली माती थोडी थोडी करून लोटायची, आणि हे सगळे आपण बटण दाबल्याशिवाय होत नाही. मी थांबलो तर गेमही थांबून राहत होता. त्यानंतर डाव्या हाताला कामच उरत नाही. तीन तास ज्या अंगठ्याखाली एक माणूस होता, त्या अंगठ्याखाली आता काहीच हलत नाही. धाकटा एकटा घरापर्यंत पोहोचतो, वादळ सुटलेले असते आणि घर व तो यांच्यामध्ये पाणी आडवे येते. त्याचे बटण दाबले तरी तो पाण्यात उतरत नाही. मी दोन-तीन मिनिटे तेच बटण दाबत राहिलो. मग काय वाटले कोणास ठाऊक, डावे बोट आपोआप मोठ्या भावाच्या बटणावर गेले, आणि धाकटा पोहू लागला.

आमचे गाव कृष्णाकाठचे. मला पोहायला माझ्या दादाने शिकवले, मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सोडायच्या दिवशी मी काठावर रडत उभा होतो आणि दादा खाली पाण्यात एका हाताने कपारीला धरून 'मी हाय खाली, टाक उडी' म्हणत होता. ते बटण दाबले तेव्हा मला ही विहीर आठवली. रात्रीचा दीड वाजला होता; मी पुण्यात भाड्याच्या खोलीत होतो, दादा गावी. मी त्याला फोन लावला. एवढ्या रात्री फोन आला म्हणून तो घाबरूनच उठला, 'काय झालं? बरा हायस नव्हं?' असे त्याने दोनदा विचारले. मी म्हणालो, 'काही नाही, सहज.' आपल्या मुलाचे उत्तर वाचून मला हेच आठवले. त्याच्या 'काही नाही'मध्ये काय काय असू शकते याची मला कल्पना आहे.

आपण 'खोटी माणसे' म्हणालात, ते बरोबरच आहे. पण नाटक-सिनेमा पाहताना जे घडते ते दुसऱ्याच्या हातून घडते. गेममध्ये ते आपल्या हातून घडते, आणि हाताला लागलेली सवय खरी असते. डोळ्यांना पडदा दिसत असतो, तरी सवय मोडते तेव्हा ती आपल्या अंगात मोडते. म्हणूनच गेमची गोष्ट कितीही सुंदर सांगितली तरी हातापर्यंत पोहोचली नाही तर माझ्या मनात ती फार टिकत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा २०२० चा गेम मी मोठ्या अभिमानाने खेळलो. तोही भावंडांचाच, हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजीचा. त्यातले वाडे-महाल आणि भिंतींवरची चित्रे डोळे भरून पाहावीत अशी आहेत. तरीही भाऊ हरवल्याचे दुःख तिथे मला निवेदनातून कळले, बोटांना ते जाणवले नाही.

दुःखापेक्षा वेगळी, आणि माझ्या मते अधिक जड, अशी एक भावना फक्त गेमच देऊ शकतो, ती म्हणजे अपराधाची. रॉकस्टार या कंपनीच्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) या गेममध्ये आपण १८९९ सालच्या अमेरिकेतला आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर असतो. त्याच्या टोळीचा एक माणूस व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. असाच एक कर्जदार, थॉमस डाऊन्स, खंगलेला, सतत खोकणारा. त्याला कुंपणाशी धरून मारायचे असते. ते काम टाळून कथा पुढे सरकत नाही, आणि ठोसा मारायचे बटण आपल्यालाच दाबावे लागते. मारताना तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. त्यानंतर कित्येक तास, माझ्या बाबतीत दोनेक महिने, आपण शिकार करतो, घोडे पाळतो, आगगाड्या लुटतो आणि तो माणूस विसरून जातो. मग आर्थरला खोकला सुरू होतो, तो रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर त्याला क्षय झाल्याचे सांगतो. क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. म्हणजे १८९९ मध्ये ही मरणाचीच चिठ्ठी. त्या दवाखान्यातून बाहेर पडताना मला आठवला तो आर्थरचा ठोसा नव्हता, मी दाबलेले बटण होते. शेवटच्या लढाईत त्याचा घोडाही गोळी लागून कोसळतो, आणि मागे शत्रू असतानाही आर्थर गुडघे टेकून त्याचे आभार मानतो. ज्यांनी त्या घोड्याला साठ-सत्तर तास खरारा केला आहे, चारा घातला आहे, त्यांना तिथे काय होत असेल हे गावाकडे बैल विकायला नेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

अपराधाचाच धागा पोलंडच्या वॉर्सा शहरातील ११ बिट स्टुडिओजच्या 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) मध्ये आहे. बोस्नियातील सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ या काळात पडलेल्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात आसरा घेतलेली साधी माणसे असतो. दिवसा घर दुरुस्त करायचे, रात्री एकाने बाहेर पडून अन्न, औषधे, लाकूडफाटा मिळेल तेथून आणायचा. एका घरात वृद्ध जोडपे राहते. त्यांच्याकडे शिधा आहे, औषधे आहेत आणि ते प्रतिकार करू शकत नाहीत. म्हातारा मागे मागे चालत विनवण्या करतो, एवढेच. मी त्यांचे सगळे उचलून आणले, कारण माझ्या घरात एक जण आजारी होता. तो बरा झाला. पण चोरी करून आलेला माणूस खिन्न होऊन बसला. पुढे कधीतरी मी त्याच घरी परत गेलो तेव्हा काय दिसले ते लिहिवत नाही. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा गेम शाळकरी मुलांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले, अठरा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी. ज्या देशाने वॉर्सा बेचिराख झालेली पाहिली त्याने युद्ध शिकवण्यासाठी गेमची निवड करावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

एक गेम मात्र मी कोणालाही सहज सुचवत नाही, आपल्यालाही नाही. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याच्या जोएल नावाच्या मुलाला वर्षाचा असताना मेंदूचा कर्करोग झाला. तो काही महिनेच जगेल असे डॉक्टरांना वाटले होते. तो पाच वर्षांचा होऊन २०१४ मध्ये गेला. तो आजारी असतानाच आईवडिलांनी त्याच्यावर गेम करायला घेतला होता, 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर', आणि तो जानेवारी २०१६ मध्ये पुरा झाला. त्यात एक रात्र आहे. रुग्णालयाच्या खोलीत आपण बाप आहोत, मूल तहानेने रडते आहे, पाजले तर उलटून पडते. आपण त्याला उचलून घेतो, थोपटतो, येरझाऱ्या घालतो, खोलीतल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहतो. कशानेही रडणे थांबत नाही. गेम खेळणाऱ्याची खात्री असते की कुठेतरी योग्य बटण आहे आणि ते शोधले की सुटका होते. इथे ते बटणच नाही. दीड-दोन तासांचा हा गेम मला दोन बैठकांत पुरा करावा लागला. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्या आईबापांनी त्यापासून दूर राहिलेले बरे.

सगळेच अश्रू मरणाचे असतात असे नाही. 'जर्नी' (२०१२) या गेममध्ये वाळवंटातून एका पर्वताकडे चालत जायचे असते आणि वाटेत इंटरनेटवरून जोडला गेलेला कोणीतरी खरा माणूस भेटतो. त्याचे नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढून हाक देता येते. बर्फात जवळ जवळ चालले तर दोघांना ऊब मिळते. माझ्या सोबत्याने वाऱ्यात मागे पडलेल्या माझ्यासाठी थांबून राहिल्याचे मला अजून आठवते. तो कोणत्या देशाचा होता कोण जाणे.

आता काळजीचे. मुलाची झोप, जेवण, कॉलेज, मित्र सुटत चालले असतील तर त्याकडे लक्ष दिलेच पाहिजे, पण तो प्रश्न वेगळा. तो न रडणाऱ्या मुलाबाबतही येतो. गेम संपल्यावर डोळे भरून आले यात मला काळजीचे काही दिसत नाही. त्याला 'खेळात कसलं रडतोस' असे मात्र म्हणू नका, कारण एकदा ते ऐकले की पुढच्या वेळी तो दार लावून घेईल. 'कोणता गेम होता, शेवटी काय झालं?' एवढे विचारा आणि तो सांगेल तेवढे ऐका. सांगताना तो कदाचित घाईघाईने सांगेल, नावे गोंधळतील. मधे थांबवू नका.

आणि जमले तर एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर 'ब्रदर्स' खेळा. एकच कंट्रोलर दोघांत धरता येतो. डावी बाजू, म्हणजे मोठा भाऊ, आपण घ्या. पहिला अर्धा तास चुका होतील, तो हसेल, हसू द्या. वर लिहिलेले त्याला आधी सांगू नका. वादळातल्या त्या पाण्यापाशी तुम्ही दोघे पोहोचाल तेव्हा आपल्याकडची बाजू बराच वेळ निकामी होऊन पडलेली असेल. हात काढून घेऊ नका.