वादळात मोडून गोठ्यावर टेकलेली कडुलिंबाची फांदी चेनसॉने स्वतः कापावी का?

तुम्ही विचारलंय की अवकाळीत आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) कडुलिंबाची मोठी फांदी मोडली, बुंध्यापासून अर्धीच सुटली आणि गोठ्याच्या पत्र्यावर टेकली. पेट्रोलवरची नवी चेनसॉ घेतली आहे, तर स्वतः कापू का आणि कशी. दादा, पत्र्यावरची फांदी नव्या हाताने कापू नका. जनावरं आजच बाहेर बांधा. खाली पडलेल्या फांद्या मात्र जरूर कापा, त्यावरच हात बसतो.

मी लातूर जिल्ह्यात शेती करतो आणि वादळं सुरू झाली की आसपासच्या आखाड्यांवर झाडं कापायला जातो. मशीनला सगळे जपतात. मोडलेल्या लाकडात अडकून राहिलेल्या ताणाकडे बघायचं राहून जातं. अशी फांदी म्हणजे वाकवून बांधलेला ओला बांबू: गाठ सुटली की कुठे फटका बसेल ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून खाली पडलेली फांदी कापतानाही मशीन चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. ती कुठे टेकली आहे, कुठे लोंबते आहे, वजन कुठे आहे ते बघा.

दोन्ही टोकांना टेकू असेल आणि मध्ये पोकळी, तर वरच्या बाजूला दाब असतो (लाकूड आवळलेलं) आणि खाली ताण (लाकूड खेचलेलं). एकच टोक धरलेलं आणि दुसरं लोंबतंय, तर उलटं: वर ताण, खाली दाब. आधी दाबाच्या बाजूने साधारण एक तृतीयांश काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूने उरलेला. सुरुवातच खोल घेतली, तर दाबाच्या बाजूला बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) चिमटतो आणि ताणाच्या बाजूला लाकूड चिरफाळत उडतं. फांदी आडवी वाकलेली असेल तर बाकाच्या आतल्या बाजूला उभं राहा. सुटल्यावर ती फुगीर बाजूकडे झेपावते.

कापताना नजर कापाच्या तोंडावर ठेवा. तोंड केसभर जरी मिटायला लागलं, तरी चेन फिरती असतानाच बार बाहेर काढा आणि लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दात जातात. तोंड उघडायला लागलं की फांदी सुटायच्या बेतात आहे, पाय मागे घ्यायची वाट मोकळी हवी. भुशाकडेही लक्ष असू द्या. जाडसर कीस पडत असेल तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की माणूस जोर लावू लागतो, म्हणून तिथेच थांबून कानस काढा. बांधावरच्या लिंबात, बाभळीत जुनी कुंपणाची तार किंवा खिळा खोडात मुरलेला असतो. साल कुठे गाठाळून आत ओढली गेली असेल तर तिथून काप घेऊच नका.

मशीनचा सगळ्यात वाईट दणका बारच्या टोकाच्या वरच्या चतकोर भागातून येतो. तो भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला हवा, आणि डोकं बारच्या रेषेत नको. चेन जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक रोज तपासा. चालू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत पाय. खांद्याच्या वर मशीन उचलायची नाही, शिडीवरून कापायचं नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहून कापतात, तेही कुणी सांगितलं तरी करू नका.

धोतर, लुंगी, गळ्यातला गमछा, चपला हे सगळं बाजूला. हेल्मेट, गॉगल, कानाला मफ, जाड बूट घ्या आणि मांड्यांवर चेनसॉची चॅप्स (पायांवर बांधायचं जाड संरक्षक आवरण) घ्या; त्यातले धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. उन्हाळ्यात आणखी एक धोका आगीचा. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, थंड होऊ द्या. जिथे भरलं तिथून दहा-बारा फूट लांब जाऊन चालू करा, आणि कडब्याच्या गंजीजवळ तर अजिबात नाही.

फांदीत वीजतार अडकलेली असेल तर हात लावण्याआधी १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर फोन करा किंवा लाईनमनला बोलवा. लाईट गेलेली आहे म्हणून तार बंद आहे असं धरू नका.

पत्र्यावरची फांदी उतरवायला दोराचं काम येणारा माणूस आणा. तो फांदी वरून बांधून घेईल आणि टोकाकडून तुकडे करत खाली सोडेल. मजुरी जास्त वाटेल, पण द्या.

आता झाडाचं. अख्खा लिंब आडवा करायची घाई करू नका. बुंधा उभा चिरला नसेल तर त्याला पुन्हा फुटवे येतात, आणि आपल्याकडच्या उन्हात गोठ्यावर सावली लागतेच. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर कापा, खोडाला घासून नको; ते कडं शाबूत राहिलं तर जखम भरते. शेजारी आंबा, चिंच किंवा जांभूळ पाडायचा विचार असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आधी वन विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या वावरात असलं तरी.

मोडलेल्या जागेचा जवळून एक आणि पत्र्यावर टेकलेल्या जागेचा एक असे फोटो टाका, बुंधा ठेवण्याजोगा आहे का ते बघून सांगतो.