बाइक, टेंट आणि देणगीचा हिशोब: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी मनाली-लेह रस्त्यावरच्या माझ्या एकटीच्या बाइक ट्रिपबद्दल थोडं लिहिलं होतं. टेंट घेऊन गेले होते आणि आमच्या तालुक्यातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेला श्रवणयंत्रांसाठी पैसे जमवत होते. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय.

ताई, मी २४ वर्षांचा, घरची शेती. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची शाळेच्या वयाची पोरं फडात फिरत असतात, ते बघवत नाही. अशा मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेसाठी सांगली ते लेह एकटा बाइकवर जायचंय. पैसे माझ्या यूपीआयवर घेतले तर चालतील का, आणि त्यातून पेट्रोल टाकलं तर? अमेरिकेतला मावसभाऊ पण देतो म्हणतोय. (एक वाचक, सांगली)

दादा, तुला जे दिसलं ते बघून नुसतं हळहळून न थांबता काहीतरी करावंसं वाटलं, हेच मला खूप भावलं. आता पैशाचं नीट ऐक, कारण अशी ट्रिप रस्त्यावर बिघडण्याआधी इथेच बिघडते.

स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नकोस. तुझी नियत चांगली असेलच, पण तुझ्या खात्यात तुझे उसाचे पैसे, मोबाइलचा रिचार्ज आणि लोकांची देणगी सगळं एकत्र झालं की तीन महिन्यांनी तुला स्वतःलाच वेगळं सांगता येणार नाही. शिवाय महाराष्ट्रात संस्था नसलेल्या माणसाने किंवा गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याचं कलम ४१ क, गणेश मंडळं घेतात तीच. म्हणून सरळ मार्ग म्हणजे संस्थेलाच भेट, त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचं ऑडिट माग, त्यांचा क्यूआर कोड घे आणि तोच सगळ्यांना पाठव. पावती संस्था देईल. ज्यांना टॅक्समध्ये सूट हवीय त्यांना सांग की २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर ती सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर तशीही नाही.

मावसभावाचं जरा वेगळं आहे. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगीच, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते. छोट्या वसतिगृहांकडे बऱ्याचदा नसते. म्हणून आधी विचार, नाहीतर तुझ्या चांगुलपणामुळे संस्था अडचणीत यायची.

आता पेट्रोल. माझं मत पक्कं आहे, पेट्रोल आपल्या खिशातून. देणाऱ्याने पोरांच्या जेवणासाठी दिलेत, तुझ्या टाकीसाठी नाही. खिशात तेवढे नसतील तर ट्रिप छोटी कर, खरंच सांगते, लेहच पाहिजे असं काही नाही, उलट ज्या बीड जिल्ह्यातून त्या टोळ्या तुझ्या गावी येतात त्या तालुक्यांतून टेंट घेऊन आठ दिवस फिरलास तरी देणाऱ्यांना सांगण्यासारखं तुझ्याकडे जास्त असेल. कुणी मित्र मुद्दाम "हे तुझ्या पेट्रोलला" म्हणून देत असेल तर ते वेगळं घे आणि वेगळं लिही.

आणि अजून एक, जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. देणगी किलोमीटरला बांधू नकोस. "प्रत्येक किलोमीटरला १ रुपया" हे ऐकायला फार छान वाटतं, मीही तेच केलं होतं. त्याचं काय झालं ते शेवटच्या उत्तरात लिहिलंय, ते नक्की वाच.

माझ्याकडे १५० सीसीची साधी बाइक आहे. लेहसाठी मोठी घ्यावी का? (नाशिक)

नको. ते पैसे संस्थेला दे. उंचीवर हवा विरळ असल्याने सगळ्याच गाड्यांची ताकद कमी होते, पण फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर फार कुरकुर करत नाही, कार्ब्युरेटरवाली घाटात जास्त दम टाकते. नवे टायर, नवी चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक जादा केबल, आणि पंक्चर स्वतः काढता यायला हवं, ते घरी अंगणात दोनदा करून बघ. मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावरची "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" ही पाटी फेमस आहे, तिथे टाकी फुल्ल कर आणि ५ लिटर वेगळं घे. सामान मात्र कमी. एकट्याने पडलेली गाडी एकट्यालाच उचलायची असते.

टेंट लावायचा कुठे? आणि स्वयंपाक? (ठाणे)

सपाटीवर मी कधीच आडबाजूला टेंट लावला नाही. गुजरात-राजस्थानात ढाब्याच्या मागे, पंपाच्या आवारात, पंजाबात गुरुद्वाऱ्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आधी विचारून. दिवस मावळायच्या तासभर आधी थांबायचं, म्हणजे माणसं बघता येतात, जागा पटली नाही तर पुढे जाता येतं. कशासाठी निघालेय ते सांगितलं की लोक फार मायेने वागतात, एका ढाबेवाल्याने जेवणाचे पैसे घेतले नाहीत आणि म्हणाला शाळेत टाक, मग मी त्याच्यासमोरच क्यूआरवर टाकले.

डोंगरात नदीकाठची वाळू कितीही सुंदर दिसली तरी तिथे टेंट नको. ८ जून २०१४ ला हिमाचलात मंडी जिल्ह्यात, थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, आणि तेव्हा वर पाऊसही नव्हता. कोरडा नालाही टाळायचा. आणि रस्त्यावर आडवे येणारे बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळीच पार करायचे, ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं.

स्वयंपाकाचं म्हणशील तर वर डाळ-तांदूळ विसर. मनाली-लेह वाटेवरच्या सरचूच्या उंच तळावर पाणी साधारण ८६ डिग्रीलाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. मी पातळ पोहे, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाण्याची चटणी नेली होती, गरम पाणी ओतलं की पोहे तयार. गॅसचा कॅन घेताना नुसता ब्युटेनचा घेऊ नकोस, शून्याच्या आसपास तो पेटायलाच तयार नसतो, प्रोपेन मिसळलेला घे. आणि कितीही थंडी वाजू दे, शेगडी टेंटच्या आत लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

माझी मुलगी २६ वर्षांची आहे, एका कॅन्सरग्रस्त मुलांच्या संस्थेसाठी एकटी जायचं म्हणतेय. नाही म्हणवत नाही आणि हो पण म्हणवत नाही. (एक आई, सातारा)

काकू, माझी आई पण अशीच दाराशी उभी होती, म्हणून तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. तिला तीन गोष्टी मागा. एक, पोस्टपेड सिम, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. दोन, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक मेसेज, आणि कुठल्या पट्ट्यात रेंज नसेल ते तिने आधीच कागदावर लिहून द्यायचं, मनाली-लेह रस्त्यावर जिस्पा गावाच्या पुढे मोठ्या टापूत फोन लागत नाही, तेव्हा तिथला दीड-दोन दिवसांचा गॅप हा घाबरायचा गॅप नाही हे तुम्हाला माहीत असलं की रात्र जरा बरी जाते. तीन, ठरल्या वेळेनंतर किती तासांनी तुम्ही ११२ ला फोन करायचा तेही ठरवून ठेवा. कुणी सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर न्यायला सांगेल, पण परवान्याशिवाय तो आपल्याकडे बेकायदेशीर आहे, तिला नेऊ देऊ नका.

आणि शक्य असेल तर तिला जाताना श्रीनगर-कारगिलकडून जायला सांगा, तो रस्ता हळूहळू चढतो, शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीकडून यायचं ते परतताना.

लोक म्हणतात फिरायची हौस आणि त्यावर समाजसेवेचं लेबल. काय उत्तर द्यावं? (नागपूर)

हौस आहे हे मान्य करा, त्यात लाजण्यासारखं काय. बाबा आमटे १९८५ मध्ये तरुणांना घेऊन भारत जोडो म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले तेव्हा ती पोरं सायकलवर होती, आणि वाटेत थांबून लोकांशी बोलणं हेच मुख्य काम होतं. तुम्ही रोज ५०० किलोमीटर हाणणार असाल तर बोलणार कधी? दिवसाला २५०-३०० च ठेवा आणि रोज एका तरी ठिकाणी बसून त्या संस्थेबद्दल सांगा.

ट्रिप अर्धवट राहिली तर देणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? (छत्रपती संभाजीनगर)

माझी राहिली. चाळीसेक जणांनी किलोमीटरमागे १ रुपया कबूल केला होता. मी जिस्पाला एकच रात्र झोपून दुसऱ्या दिवशी सरचूला टेंट लावला, म्हणजे साधारण ३,२०० मीटरवरून थेट ४,२९०. नियम असा की ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, मला तो पाठ होता, तरी मी मोडला, कारण रजा संपत आली होती आणि लेह अडीचशे किलोमीटरवर होतं. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, रात्री दोन उलट्या झाल्या, आणि पहाटे ढाब्याकडे जाताना पाय वाकडे पडायला लागले. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते, तिथे गोळी घेऊन बघू असं नसतं, खाली उतरायचंच.

आणि तरी मी टेंटमध्ये बसून हिशोब करत होते की उरलेले अडीचशे किलोमीटर म्हणजे माणशी अडीचशे रुपये, म्हणजे जवळपास १०,००० रुपये शाळेचे बुडणार. त्या आकड्यासाठी मी पुढे जायला निघाले होते. सरचूची अडचण अशी की तिथून उतरायचं म्हटलं तरी आधी चढावं लागतं, मनालीकडे बारालाचा आणि लेहकडे नकीला-लाचुंगला या खिंडी, त्यामुळे पुढे जाऊन बरं वाटेल हा हिशोबही चुकीचा होता. ढाब्यातल्या ताईंनी माझी चावी काढून घेतली, शब्दशः हातातून घेतली, आणि मनालीकडे चाललेल्या एका टॅक्सीत मला बसवलं. केलांगच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तीन दिवसांनी येऊन गाडी नेली, त्यांनी ती ताडपत्रीने झाकून ठेवली होती.

घरी येऊन मी सगळ्यांना जसं झालं तसं लिहिलं, कुठे थांबले, का थांबले, किती किलोमीटर झाले, आणि तेवढेच पैसे द्या म्हटलं. दोघं सोडून सगळ्यांनी पूर्ण लेहपर्यंतचे शाळेच्या खात्यात टाकले. त्या दोघांनी झाले तेवढ्याचे दिले, ते बरोबरच होतं, तसंच ठरलं होतं.

म्हणून सांगलीच्या दादाला आणि तुम्हालाही सांगते, रक्कम आधी ठरवा आणि निघायच्या आधी संस्थेकडे पोचवा. पहिल्याच मेसेजमध्ये लिहा की तब्येत किंवा रस्ता बिघडला तर मी परत फिरेन आणि पैसे तिथेच राहतील. या वर्षी जूनमध्ये मी परत निघतेय, श्रीनगरकडून, त्याच शाळेसाठी. पैसे मार्चमध्येच जमा झालेत आणि मुलांच्या कानाची मापंही घेऊन झालीत.