बरं वाटलं म्हणून पंप बंद केलात, तिथेच घात झाला

तुम्ही लिहिलंय, आईला बरं वाटायला लागलं म्हणून दम्यासाठी रोज ओढायचा स्टेरॉइडचा पंप (इनहेलर) बंद केला, आणि आता पहाटे तीनला ती उठून बसते, तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपावर रात्र काढते. वाचताना पोटात कालवलं. मी डॉक्टर नाही, दम्याची जुनी पेशंट आहे, एवढं धरून वाचा.

माझीही हीच चूक. सासूबाई म्हणाल्या सवय लागेल, मी पंप कपाटात टाकला. निळ्याचे दोन फवारे घेतले की पाच मिनिटांत छाती मोकळी, मग काळजी कसली? पण निळा पंप श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू तेवढा सैल करतो. नळीच्या आतल्या अस्तराची सूज तशीच राहते. माझ्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ठाण मांडून होत्या. शरीरात निरोप पोचवणारी प्रथिनं असतात, त्यातलं इंटरल्यूकिन-५ त्यांना पोसतं, इंटरल्यूकिन-१३ कफ वाढवतं. सकाळी बेसिनमध्ये तारा सुटणारा, डिंकासारखा कफ पडायचा. वर्षानुवर्षं असं चाललं की नळीची भिंतच जाड होते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही.

एका दवाखान्यात तर दर वेळी वाफ देऊन घरी पाठवत. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी, एकदाही केली नाही, याचा राग अजून जात नाही. वर पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्याच गोळ्या. एकूण २०० मिलिग्रॅम! ज्या पंपाला मी भीत होते त्याच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम. हजार फवारे झाले की हो. औषधं वेगळी, ताकद वेगळी, हिशोब काटेकोर नाही. पण गोळी अंगभर फिरते, फवारा थेट नळीत उतरतो. नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसांचा दमा सांभाळू नका, असं ‘जिना’ ही दम्यावरची जागतिक संस्था २०१९पासून सांगतेय.

आईंनी बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, धुराने सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजारही होतो. त्यात बहुधा न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर असतो, तिथे स्टेरॉइड तितकं चालत नाही. इओसिनोफिलची रक्ततपासणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधी करा, नंतर आकडा खाली येतो. फवाऱ्यानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

वाक्य पुरं बोलताना धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा. नाहीतर उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे न्या, दोन्ही पंप सोबत घ्या आणि त्यांच्यासमोर आईंना एकदा ओढून दाखवू द्या.