शाळकरी मुलांच्या कॅबरेला प्रेक्षक म्हणून जाताना

तुमच्या भाचीने हायस्कूलमधल्या कॅबरेचं तिकीट पाठवलं, 'कॅबरे' हा शब्द ऐकून घरातली मोठी माणसं चमकली, आणि तिथे नेमकं काय असतं, आपण काय करायचं असतं, असं तुम्ही विचारलं आहे. माझी मुलगी हायस्कूलमध्ये असताना मी असे तीन कार्यक्रम पाहिले. त्यातल्या दोनांत ती गायली. त्यावरून सांगते.

आधी त्या शब्दाचं. कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातली हेलन येते, त्यामुळे दचकणं साहजिक आहे. पण मूळ प्रकार वेगळा आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८८१ साली रोदोल्फ सालिस यांनी 'ल शा न्वार', म्हणजे 'काळं मांजर', नावाची जागा उघडली. तिथे कवी कविता वाचायचे, गायक गायचे, पुढे सावल्यांचे खेळही होऊ लागले. संगीतकार एरिक साती तिथे पियानो वाजवत. १९१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स या कवींनी 'कॅबरे व्होल्तेर' सुरू केलं आणि दादा ही कलाचळवळ तिथेच जन्मली. नाच आणि झगमगाट ही कॅबरेची एक फांदी. शाळांनी उचललं ते दुसरंच: टेबलांभोवती बसलेले लोक, चार पावलांवर उभा राहून गाणारा, सुटी सुटी गाणी आणि त्यांना जोडणारं निवेदन. गाणी बहुतेक संगीतिकांमधली, म्हणजे म्युझिकल्समधली, असतात. मुलं ती निवडतात आणि शिक्षकांनी होकार दिला की बसवतात. घरच्यांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

शाळेला हा प्रकार परवडतो त्यालाही कारण आहे. अख्खी संगीतिका करायची तर प्रयोगाचे हक्क, नेपथ्य, पोशाख, महिनोन् महिन्यांच्या तालमी, आणि शेवटी मोठ्या भूमिका दोन-चार जणांनाच. कॅबरेत एक पियानो, एक-दोन माइक आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःची तीन-चार मिनिटं. एरवी समूहाच्या मागच्या ओळीत उभं राहणारं मूल इथे एकटं पुढे येतं. मला हा प्रकार मनापासून आवडतो तो यासाठी.

आता मुद्द्याचं. नाटकात मुलाला लपायला जागा असते: पात्राचं नाव, पोशाख, समोरचा अंधार. कॅबरेत यातलं काही नाही. दिवे मंद असले तरी त्याला तुमचा चेहरा दिसतो. तुम्ही शेजारच्याच्या कानात बोललात तेही दिसतं. म्हणून इथे ऐकणाऱ्याकडे निम्मं काम असतं, आणि ते काम म्हणजे मान वर करून, गाणाऱ्याकडे बघत ऐकणं.

पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. मुलीचं गाणं पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत फोनवर टिपत बसले. घरी येऊन पाहिलं तर ती मधेच एकदा थेट माझ्याकडे बघते आहे आणि हसते आहे, आणि मी तेव्हा पडद्यावर तिचा चेहरा मधोमध आणण्यात गुंतलेली. तो क्षण माझ्याकडे फोनमध्ये आहे, पण मी त्यात नव्हते. याचं मला अजून वाईट वाटतं. चित्रीकरण बहुतेक वेळा शाळेतलंच कुणीतरी करत असतं. आधी विचारून घ्या आणि फोन पर्समध्ये ठेवा.

दुसऱ्या वर्षीचा एक मुलगा मला विसरता येत नाही. पंधरा वर्षांचा असेल. गाण्याआधी त्याने सांगितलं की हे गाणं त्याने निवडलं तेव्हा आवाज उंच होता, मधल्या काळात आवाज फुटला, म्हणून पियानो वाजवणाऱ्या सरांनी पट्टी बरीच खाली आणली आहे, आणि हा नवा आवाज तो लोकांसमोर पहिल्यांदाच लावतो आहे. त्या वयात मुलांचा आवाज साधारण एक सप्तक उतरतो आणि मधले काही महिने तो कुठे घसरेल याचा भरवसा नसतो. दुसऱ्या कडव्यात घसरलाच. सरांनी तीच सुरावट पुन्हा फिरवली, त्याने श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. सगळं सभागृह एकदम स्तब्ध झालं होतं. एक चमचाही वाजला नाही. त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी तयारीचे आवाज ऐकले, पण घरी जाताना आम्ही बोलत होतो ते याच्याबद्दल.

बाकी गोष्टी सोप्या. थोडं लवकर पोचा, पुढची टेबलं भराभर भरतात. खाणंपिणं असेल तर निवेदन चालू असताना किंवा मध्यंतरात, हळुवार गाणं चालू असताना नाही. टाळ्या प्रत्येक गाण्याला, पण पियानो मधेच थांबला म्हणून लगेच नको. मूल मान खाली घालेपर्यंत थांबा. सोबत गायला सांगितलं तरच गा. आणि भाचीचं गाणं झालं की उठून जाऊ नका. तिच्यानंतर येणाऱ्या मुलाला रिकामी होणारी खुर्ची दिसते.

कार्यक्रमानंतर 'छान झालं' यापेक्षा एखादी नेमकी गोष्ट सांगा: कुठली ओळ आवडली, कुठे ती थांबली ते कसं बरोबर वाटलं. मुलांना खरं बोलणं आणि कौतुकाचं बोलणं यातला फरक लगेच कळतो. दुसऱ्या मुलीशी तुलना मात्र नको, तिच्या बाजूने असली तरी.

आणि जागा ठरलेल्या नसतील तर आपण कुठे बसलेलं आवडेल हे भाचीलाच विचारून घ्या. दुसऱ्या खेपेला माझ्या मुलीने मला बजावलं होतं, 'आई, डावीकडच्या दुसऱ्या टेबलावर बस. अगदी समोर बसलीस तर मला रडू येईल.'