दिवाणातली पुस्तकं

प्रश्न : वय ५३, राहायला डोंबिवली, नोकरी सीएसएमटीजवळ. घरात आठशेच्या वर पुस्तकं. प्रदर्शन दिसलं की पाय वळतातच, प्रकाशनपूर्व सवलतही सोडवत नाही. कपाटं भरली, आता दिवाणातही पुस्तकंच. निम्मीही वाचून झालेली नाहीत. तीन रविवार बसून एक्सेलमध्ये यादी केली आणि आणखीच धास्तावलो. बायको म्हणते, आता एकही आणू नका. मी तिला बाबासाहेबांच्या राजगृहाचा दाखला देतो. काय करू?

उत्तर : दादा, आधी तो दाखला मागे घ्या. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं खरं, पण ती पुस्तकं ते रात्र रात्र जागून वाचत. तुमची दिवाणात झोपलीत आणि त्यांच्यावर तुम्ही. वहिनींपुढे हे टिकायचं नाही.

यादीतली सगळीच ‘वाचायची’ धरलीत, म्हणून धास्ती. कोश, चरित्रखंड, भलेमोठे संच पहिल्या पानापासून कोण वाचतं? अडलं की उघडायचे, बस. दिवाळी अंकही वेगळे काढा. उरलेल्यांतही बरीच जुन्या कुठल्या तरी नादापायी घेतलेली निघतील, ती देऊन टाका. मात्र पोती भरून थेट वाचनालयात नेऊ नका, त्यांच्याकडेही जागेची बोंब असते. आधी यादी पाठवून विचारा (एक्सेल कारणी लागेल). तुमच्या डोंबिवलीतच पुस्तक आदान-प्रदान भरतं, पण तिथून तुम्ही तेवढीच उचलून आणाल. वहिनींना पाठवा.

हे पावसाळ्याआधी उरका. दिवाणात ओल धरली, कसर लागली, की निवडायला काही उरणार नाही.

खरेदी बंद करा असं मी म्हणणार नाही, चार दिवसांत मोडाल. प्रकाशनपूर्व सवलत तेवढी सोडा. पैसे आज भरायचे, पुस्तक यायचं काही महिन्यांनी, तोवर हौस फिटलेली.

आणि वाचणार कधी, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. सकाळच्या फास्टमध्ये हात हलवायची सोय नसते, मान्य. पण संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटते. एखादी सोडलीत तर पुढचीत बसायला मिळतं, आणि तिथून डोंबिवली तास-सव्वा तास. त्या वेळात आत्ता काय करता? मोबाइलच ना? उद्या दोनशे पानांच्या आतलं एखादं पुस्तक पिशवीत टाका. नाही रमलात तर कळव्यापर्यंत वाट बघून मिटवा, परवा दुसरं. अर्धवट सोडलेल्यांची यादी मात्र करत बसू नका.