सत्रांमधल्या सुट्टीत भिगवणला जाताना

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दोन सत्रांमधली हिवाळी सुट्टी पक्षिनिरीक्षणाला आरंभ करण्यास सोयीची असते आणि पुण्यात शिकणाऱ्याने त्यासाठी आधी भिगवणचाच विचार करावा, असे माझे मत आहे. पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर भीमेवरील उजनी धरणाचा हा फुगवटा (धरणामागे पसरलेले पाणी) असून रेल्वेनेही तेथे जाता येते. आदल्या संध्याकाळी काठच्या कुंभारगावात मुक्काम करून उजाडताच नाव घ्यावी. डिसेंबरमध्ये जलाशय बहुधा भरलेला असल्याने रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना चरण्याजोगे उथळ पाणी कमी असते. पाणी जसजसे ओसरते तसतसे थवे वाढतात, म्हणून केवळ रोहितांसाठी जायचे असल्यास सुट्टीचे अखेरचे दिवस निवडावेत. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आणि चक्रवाक (नारिंगी बदके) मात्र डिसेंबरमध्येच आलेले असतात. दुर्बीण लगेच विकत घेऊ नये. ओळखीच्या कोणाची तरी ८ × ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) मागून घ्यावी, कारण नावेच्या हेलकाव्यात त्याहून अधिक वर्धनाची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही (तशी मिरवणारे पुष्कळ भेटतील). छायाचित्रासाठी थवा उडवून दाखवण्याची तयारी एखाद्या नावाड्याने दर्शवली, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा आणि नाव दूरच थांबवून वहीत नोंदी कराव्यात.